घडी पाडलेलं पान

माझ्या मुलीची पहिली तपासणी मी फसवली. हे वाक्य मी आजवर कुणासमोर उच्चारलेलं नाही. बायकोसमोर नाही, डॉक्टरांसमोरही नाही. माझ्याखेरीज ते फक्त माझ्या मुलीला, वैष्णवीला ठाऊक आहे. तेव्हा ती चौथीत होती, आता सातवीत आहे. तिनेही ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं नाही एवढ्यावरही ती थांबली नाही. ते पुढे येईल.

मी प्राथमिक शिक्षक आहे. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर शाळा, राहणं नाशिकला पेठ रोडला. नोकरीला बावीस वर्षं झाली. बायको मनीषा सातपूरच्या एका कंपनीत पॅकिंग विभागात सुपरवायझर आहे. घरात आम्ही तिघंच. ज्यांच्या मुलांच्या बाबतीत आज असंच काही चाललंय त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय, हे खरं. पण त्याआधी मला हे लिहून एकदाचं बाहेर काढायचंय, हे जास्त खरं.

*

वैष्णवीला गोष्ट एकदा सांगितली की शब्दन् शब्द लक्षात राहायची. तीच गोष्ट पुस्तकातून वाच म्हटलं की पहिल्या ओळीत ‘घर’चं ‘धर’ व्हायचं, तिसऱ्या ओळीत ती छताकडे बघायला लागायची. फळ्यावरचं अर्धं उतरवून यायची. स्वयंपाकघरातून पाणी आणायला पाठवलं तर पाच मिनिटांनी गच्चीवर सापडायची, ग्लास कुठे ठेवला ते आठवायचं नाही. जेवताना ताटावरून चारदा उठायची. पेन्सिली तर आम्ही डझनाच्या भावानेच आणायचो.

“डोक्यात टेपरेकॉर्डर आहे कार्टीच्या, आणि हातात काही म्हणून टिकत नाही,” मनीषा म्हणायची. आधी हसून म्हणायची. चौथीच्या सहामाहीचे पेपर घरी आले तेव्हा ती हसली नाही. मराठीच्या पेपरात वैष्णवीने प्रश्नच उत्तर म्हणून उतरवून ठेवले होते, तेही अर्धे.

“अहो, हे काहीतरी वेगळं आहे,” मनीषा म्हणाली. “कंपनीतल्या एका बाईच्या मुलाचं असंच होतं. समुपदेशक बाईंकडे नेलं त्याला. आपण पण नेऊ.”

“वय आहे, सुधारेल,” मी म्हणालो.

“तुम्ही तर मास्तर आहात. तुम्हाला दिसत नाही?”

दिसत होतं. सगळ्यात आधी मलाच दिसलं होतं. पहिलीतच. अशी मुलं मी बावीस वर्षं पाहतोय. त्यांच्या प्रगतिपुस्तकात मी काय लिहीत आलो तेही सांगतो: ‘उपक्रमात आवडीने भाग घेते.’ ‘वाचनात प्रयत्नशील.’ नोंदींची तयार पुस्तिका मिळते, त्यातून उतरवायचं. पोरगं चौथीतून पाचवीत जातं, आपल्या वर्गातून जातं, आपण सुटतो.

मला भीती होती ती कागदाची. एकदा कागद झाला की तो फायलीत राहतो, हे शिक्षकाइतकं कुणाला कळणार? मुलीच्या नावापुढे काहीतरी लिहिलं जाईल. उद्या गावाकडे बहीण विचारेल, “मास्तराच्याच पोरीला वाचता येत नाही व्हय रं?” मला तो प्रश्न आधीच ऐकू येत होता. या एवढ्यासाठी मी पुढचं सगळं केलं. दुसरं मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

*

मनीषाने नाव नोंदवलंच. समुपदेशक बाईंच्या दवाखान्यातून फोन आला: मुलीचं मराठीचं पुस्तक आणि वह्या घेऊन या, दोन फॉर्म पाठवतोय, एक पालकांनी भरायचा, एक वर्गशिक्षकांनी. तारीख बारा दिवसांनंतरची.

बारा दिवस. तपासणीला साहेब शाळेवर येणार म्हणून निरोप आला की मला एवढेच दिवस मिळतात. तेव्हा काय करायचं हे माझ्या हातापायांना माहीत आहे. वाचणारी मुलं दाराजवळ बसवायची, कारण साहेब आत येताच तिथल्याच मुलाला उठवतात. एक धडा पक्का करून घ्यायचा. आणि पुस्तक त्याच धड्यावर आपोआप उघडावं म्हणून ते पान आधीच उलटं वाकवून, तळव्याने दाबून घडी पाडून ठेवायची. साहेब म्हणतात, “वाच बाळा कुठूनही,” आणि पुस्तक उघडतं ते आपल्याच पानावर.

मी माझ्या मुलीला अशीच तयार केली.

मनीषाची दुपारपाळी होती. ती कामावर गेली की आम्ही दोघं बसायचो. मी धडा वाचायचो, ती ऐकायची. दुसऱ्या दिवशीच तिला तोंडपाठ झाला. मग मी तिला बोट कसं फिरवायचं ते शिकवलं. “‘विहीर’ शब्द आला की पान उलटायचं.” मग मला वाटलं, हे फारच सफाईदार होतंय, संशय येईल. म्हणून म्हणालो, “इथे आणि इथे थोडं अडखळ. खरं वाटलं पाहिजे.”

ती हसली. तिला तो खेळ वाटला. पप्पा रोज दोन तास फक्त तिच्याजवळ बसताहेत, ओरडत नाहीत, याचाच तिला आनंद होता.

वह्याही नव्या केल्या. मी एकेक अक्षर बोलायचो, ती लिहायची, चुकलं की पान फाडायचं. पालकांच्या फॉर्मवर विचारलं होतं: सांगितलेलं काम अर्धवट सोडते का, वस्तू हरवते का, बसल्या जागी चुळबुळ करते का. मी सगळीकडे ‘क्वचित’वर खूण केली. मनीषाला म्हटलं, “मी भरलाय, तू फक्त सही कर.” तिने विश्वासाने सही केली. वर्गशिक्षकांना फोन केला, “सर, आपलीच मुलगी समजून भरा.” शिक्षकाने शिक्षकाला एवढं म्हटलं की पुरतं.

जाताना रिक्षात मी वैष्णवीच्या कानात म्हणालो, “हे आपल्या दोघांतच हं.”

बाईंनी पुस्तक हातात घेतलं. ते त्या पानावर उघडलं. वैष्णवीने वाचलं. दोन्ही ठिकाणी अडखळली. ‘विहीर’ला पान उलटलं. बाई म्हणाल्या, “छान वाचतेस की!” अर्ध्या-पाऊण तासाची ती प्राथमिक भेट होती. त्यांचा यात काही दोष नाही; मी समोर ठेवलं तेवढंच त्यांना दिसलं. त्यांनी लिहून दिलं: वाचन वयानुसार, अवधानाची विशेष तक्रार नाही, अभ्यासाची नियमितता वाढवावी.

मनीषाने तो कागद दोनदा वाचला. मला वाटलं होतं ती सुटकेचा श्वास टाकेल. ती वैष्णवीकडे वळली आणि म्हणाली, “म्हणजे तुला येतं. येत असून तू मुद्दाम वाचत नाहीस.”

मी तिथेच उभा होतो.

*

पुढचं दीड वर्ष त्या कागदाने आमच्या घरात राज्य केलं. वाचता येतं असं लिहून मिळालेल्या मुलीला वाचता आलं नाही की तो आळस ठरतो, हट्ट ठरतो. मनीषाने टीव्ही बंद केला, खेळायला जाणं बंद केलं, शिकवणी लावली, शिकवणीच्या बाईंनाही तो कागद दाखवला. “येतं तिला, फक्त कामचोर आहे,” हे सगळ्यांना पाठ झालं. मीही म्हणायचो. एकदा शुद्धलेखनावरून मी तिला थोबाडीत मारली. ती रडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि तिला काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं.

सहावीत शाळा बदलली. नव्या बाई रोज एकेकाला उभं करून प्रकट वाचन घ्यायच्या. तिसऱ्या आठवड्यात मला शाळेतून फोन आला, मी पाड्यावर होतो. वैष्णवीचे डोळे सुजलेत, उघडत नाहीत, लवकर या. घाटातून गाडी कशी आणली ते आठवत नाही.

तिने डोकेदुखीचा बाम दोन्ही डोळ्यांत भरला होता. डबी दप्तरात सापडली. त्या दिवशी वाचनात तिचा नंबर होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे धुतले, तपासले. “नशीब, बुबुळाला काही झालं नाही,” म्हणाले. मग तिला बाहेर बसवून मनीषाला आणि मला आत बोलावलं. “नजर उत्तम आहे. पण जी मुलगी वाचायला नको म्हणून डोळ्यांत बाम घालते, तिला माझ्याकडे आणून भागणार नाही. सरकारी रुग्णालयात बालविभागात दाखवा. पूर्ण तपासणी करून घ्या, चार-पाच खेपा पडतील, पण करा.”

मनीषा जिन्यात बसून रडली. “मुद्दाम करते म्हणत होते मी,” एवढंच म्हणत राहिली. त्या जिन्यात मी बोलायला हवं होतं. मी पाण्याची बाटली आणायला गेलो.

*

रुग्णालयाचा दिनक्रम एकदा कळला की भीती थोडी कमी होते, म्हणून सांगतो. सकाळी आठला केसपेपरची रांग. मग बालरोगतज्ज्ञ. मग कानांची तपासणी, कारण ऐकू नीट येतं का हे आधी बघतात. मग मानसशास्त्रज्ञ मॅडम. त्या एका दिवसात सगळं करत नाहीत, मूल थकतं म्हणून पुन्हा बोलावतात. बाकावर बसणं फार. आणि बाकावर बसणं हेच तर आमच्या मुलीला जमत नव्हतं.

तिथे कामाला एक मावशी होत्या. वैष्णवी चौथ्यांदा उठल्यावर मनीषा तिच्यावर खेकसली, तशा त्या फडकं खांद्यावर टाकून आल्या.

“अहो ताई, राहू द्या. तिच्या पायात भोवरा हाय. चल गं चिमणे, बाटल्या भरायला लाग मला.”

“मावशी, ती सांडेल,” मी म्हणालो.

“सांडलं तर पुसायला मीच हाय ना, साहेब. तुम्हाला कुठं पुसायचंय?”

दर खेपेला वैष्णवी त्यांच्याबरोबर बाटल्या भरायची. एवढ्या मोठ्या इमारतीत तिला न रागावता कामाला लावणारं हे एकच माणूस होतं. मावशी, तुम्ही हे वाचणार नाही, पण माझा नमस्कार.

मानसशास्त्रज्ञ मॅडमनी पहिल्याच बैठकीत आपल्याजवळचा, कधी न पाहिलेला उतारा दिला. मी मागे भिंतीशी बसलो होतो. वैष्णवीने कागदाकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. ती वाचायला लागली. म्हणजे अंदाज करायला लागली. सहावीतली मुलगी, दुसरीचा उतारा, सहा ओळींना चार मिनिटं. कपाळावर घाम.

मॅडमनी शांतपणे लिहून घेतलं. मग फाइलमधला जुना कागद काढला. मनीषाने तो जपून जोडला होता.

“दीड वर्षापूर्वी वाचन वयानुसार होतं?” त्यांनी विचारलं.

“हो,” मनीषा म्हणाली.

“आणि तेव्हा चुळबुळ, वस्तू हरवणं, हे काही नव्हतं?”

“होतं की...” मनीषा गोंधळली. माझ्याकडे वळली. “फॉर्म यांनी भरला होता.”

“तेव्हा एवढं नव्हतं,” मी म्हणालो.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “आधी येत होतं आणि नंतर गेलं, असं असेल तर ते आम्हाला सोडून देता येत नाही. मेंदूचं काही नाही ना, हे आधी डॉक्टरांना बघावं लागेल.”

*

डॉक्टरांनी मेंदूचा आलेख, ईईजी, लिहून दिला. तो नीट आला तरी एमआरआय करू म्हणाले.

पुढचे नऊ दिवस मनीषा जेवली नाही म्हटलं तरी चालेल. ‘मेंदू’ हा शब्द ती घरात उच्चारत नव्हती, ‘ते’ म्हणायची. “ते काही निघालं तर?” वैष्णवीच्या प्रत्येक हालचालीत तिला फिट दिसायची. मुलीने डोळे मिटले की, “काय होतंय गं? बोल ना!” मी तिला एका वाक्यात सोडवू शकत होतो. तिच्या मेंदूला काही झालेलं नाही, तिला आधीही वाचता येत नव्हतं, मी पाठ करून घेतलं होतं. सकाळी दात घासताना हे वाक्य मी रोज तयार करायचो, आणि गाडीला किक मारून पाड्यावर निघून जायचो.

ईईजीच्या आदल्या दिवशी डोकं धुवायचं, तेल लावायचं नाही. तेलाशिवाय मोकळे केस, त्यांत चिकट मलम लावून तंत्रज्ञांनी एकेक वायर बसवली. वैष्णवीने विचारलं, “यात माझ्या मनातलं दिसतं का?”

“नाही गं, नुसत्या रेघा येतात,” ते म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

रेघा नीट आल्या. तरी एमआरआय करायचं ठरलं. मॅडमच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. त्या समजावून सांगत होत्या, यंत्रात बराच वेळ अजिबात न हलता पडावं लागतं, वैष्णवीला जमणार नाही, म्हणून भूल द्यावी लागेल. मनीषाचा चेहरा पांढरा पडला. तिने पदर तोंडाशी धरला.

“मॅडम,” वैष्णवी म्हणाली. “भूल नका देऊ. मी तेव्हा वाचलंच नव्हतं. ते पाठ होतं.”

मॅडम तिच्याकडे वळल्या.

“कुणी पाठ करून घेतलं बाळा?” मॅडमनी विचारलं.

“मीच. ऐकून ऐकून.”

“आणि पान कधी उलटायचं, ते कसं कळलं?”

“मीच खूण लक्षात ठेवली होती. विहीर.” मग जरा थांबून, “पुस्तकाची घडी पण मीच पाडली. वह्या पण मीच केल्या. मम्मीला सांगितलं नव्हतं.”

अकरा वर्षांची मुलगी, जिचं कशात लक्ष नसतं म्हणून आम्ही तिथे बसलो होतो, तिला एकेक तपशील आठवत होता, आणि प्रत्येकातून ती मला वगळत होती. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटतं त्यांना कळलं होतं. त्या मला बोलायला जागा करून देत होत्या. मी घसा साफ केला. आणि म्हणालो, “मुलं काय काय करतात बघा.”

हेच शब्द. मी ते बदलून लिहू शकलो असतो.

मनीषाला आधी हायसं वाटलं, मग राग आला. बाहेर आल्यावर व्हरांड्यात ती वैष्णवीवर बरसली. “एवढीशी होतीस आणि इतकी बनवाबनवी? दीड वर्ष आम्हाला फसवलंस? माझा जीव टांगणीला लागला होता, माहितेय?” वैष्णवी चपलांकडे बघत उभी होती. मावशी लांबून म्हणाल्या, “असू दे ताई, पोर हाय.” मनीषा फाइल घेऊन औषधाच्या खिडकीकडे गेली.

मी गाडी काढायला निघालो तर वैष्णवी मागे आली. पार्किंगमध्ये माझ्या शर्टाचं टोक धरून म्हणाली, “पप्पा, मी तुमचं नाव नाही घेतलं. आपल्या दोघांतच आहे.”

*

एमआरआय लागला नाही. उरलेल्या चाचण्या तीन खेपांत झाल्या. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, आणि त्याबरोबर वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता, असं निदान लिहून मिळालं. बुद्धी चांगली, चांगल्यापेक्षा वरचीच, असंही त्यात आहे. ज्या कागदाला मी घाबरलो होतो त्या कागदाने काय झालं? शाळेत तिला पेपरला जादा वेळ मिळतो, तिच्यासाठी प्रश्न वाचून दाखवतात, उभं करून प्रकट वाचन बंद झालं. आठवड्यातून दोनदा ती विशेष शिक्षिकेकडे जाते. सकाळी एक गोळी आहे. त्या गोळीबद्दल मी काही सांगणार नाही, ते डॉक्टरांनी सांगायचं. परवा वैष्णवीने बसवरची पाटी वाचली. चुकत वाचली, पण स्वतः वाचली. बहिणीने अजून काही विचारलेलं नाही.

तुमच्या हातात तसा फॉर्म असेल तर खरं भरा. समोरच्या माणसाला तुम्ही दाखवाल तेवढंच मूल दिसतं. आणि मूल नीट तयार करून नेऊ नका. जसं आहे तसं न्या, तुटक्या पेन्सिलीसकट.

पाड्यावर मी आता पानाला घडी पाडत नाही. मागच्या तपासणीत दाराजवळ यमुना बसली होती, तिसरीतली, तिला अक्षरं लागत नाहीत. साहेबांनी उठवली, तिला वाचता आलं नाही, मला चार शब्द ऐकावे लागले. ऐकले. यमुनाला आणि तिच्या आईबापांना घेऊन मी पुढच्या आठवड्यात नाशिकच्या त्याच रुग्णालयात येतोय.

हे सगळं जमलं. एक जमलेलं नाही. आमच्या घरात अजूनही वैष्णवीने काही धडाधड सांगितलं, अगदी भाजीचे भाव जरी सांगितले, की मनीषा म्हणते, “खरं की पाठ करून आलीस?” आता ती चेष्टेने म्हणते. वैष्णवीही हसते. हसताना एकदा माझ्याकडे बघते.

ते खोटं माझं होतं, तिचं नव्हतं. मी तिचं एवढं देणं लागतो: हे सगळं मनीषासमोर बसून, पहिल्या ओळीपासून, मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि तेव्हा वैष्णवी खोलीत असली पाहिजे. अजून वाचलेलं नाही.